बारावीचं जीवशास्त्र रुग्णापर्यंत पोचतं का?

बारावीच्या श्वसन आणि रक्ताभिसरणाच्या धड्यात एक आलेख असतो. आडव्या अक्षावर ऑक्सिजनचा दाब, उभ्या अक्षावर हिमोग्लोबिनने किती टक्के ऑक्सिजन धरला तो आकडा, आणि मधून इंग्रजी 'एस'सारखी वळत जाणारी रेघ. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही रेघ उजवीकडे सरकते, ताप चढला की सरकते, आम्लता वाढली की सरकते. मेडिकलची तयारी करणाऱ्या मुलीला झोपेतून उठवून विचारलं तरी ती हे सांगेल. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, आशाताई ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी जाऊ लागल्या, आणि हाच आलेख महाराष्ट्रात लोकांच्या बोटाच्या टोकावर आला.

ऑक्सिजनचा दाब १०० मिलिमीटरवरून ६० पर्यंत उतरला तरी हिमोग्लोबिनचा आकडा साधारण ९८ वरून ९० पर्यंतच येतो. तिथपर्यंत रेघ जवळजवळ सपाट असते. त्याखाली उतार लागतो आणि दाब थोडासा घसरला तरी आकडा कोसळतो. म्हणून ९३-९४ दिसताच माणसाला दवाखान्यात न्यायचं होतं, ८५ होईपर्यंत थांबायचं नव्हतं. ऐंशीच्या घरात आकडा असलेले रुग्ण फोनवर बोलत बसलेले दिसत होते, त्याचं कारणही याच धड्यात आहे. धाप लागल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते, आणि या आजारात सुरुवातीला तो बाहेर पडत राहत होता. दोन्ही गोष्टी अभ्यासक्रमात होत्या. मात्र आलेखातली रेघ आणि खाटेवरचा माणूस यांची सांगड घालायला परीक्षा कधी सांगत नाही, त्यामुळे वर्गातही ती घातली जात नाही. आरोग्यसेवेत जाणाऱ्या मुलांना आपण जे प्राथमिक जीवशास्त्र शिकवतो, त्याचा आढावा घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

आपल्याकडे हा अभ्यासक्रम म्हणजे अकरावी-बारावीचा पीसीबी ग्रुप. अमेरिकेत डॉक्टर व्हायचं असेल तर आधी चार वर्षांची पदवी घेतात, आणि नर्सिंगला जाणारी मुलगी बहुधा कॉलेजात जीवशास्त्राचं एक सत्र, मग शरीररचना-शरीरक्रियेची दोन सत्रं आणि सूक्ष्मजीवशास्त्र असा जिना चढते. आपल्याकडे हे सारं सोळा ते अठरा या वयात, कनिष्ठ महाविद्यालयातल्या दोन वर्षांत आटोपायचं असतं. त्यानंतर एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीएस्सी नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, लॅब, एक्स-रे असे फाटे फुटतात. २०२४ मध्ये मेडिकलच्या 'नीट' या प्रवेशपरीक्षेला २३ लाखांहून जास्त मुलं बसली. देशात एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे हा विषय शिकणाऱ्यांपैकी जे आरोग्यसेवेत येतील, त्यांतले बहुतेक डॉक्टरच्या खुर्चीत बसणार नाहीत. ते सलाइन लावतील, रक्ताचा नमुना तपासतील, पक्षाघात झालेल्या आजोबांना पुन्हा चालायला शिकवतील. संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राने जो कायदा केला, त्यात अशा पन्नासहून अधिक व्यवसायांची नोंद आहे. अभ्यासक्रमाची नजर मात्र अजून एमबीबीएसवरून हललेली नाही. जीएनएम आणि एएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमांना तर कला शाखेच्या मुलीही येतात. दहावीनंतर जीवशास्त्राची आणि त्यांची पहिली भेट थेट नर्सिंगच्या पहिल्या वर्षात होते.

हा अभ्यासक्रम असाच का आहे, त्यात झुरळ कुठून आलं, याचं उत्तर दीडशे वर्षं मागे सापडतं. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सले आणि त्यांचे सहकारी एच. एन. मार्टिन यांनी १८७५ मध्ये प्राथमिक जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचं एक पुस्तक काढलं. त्यांची कल्पना त्या काळात क्रांतिकारक होती. हजार प्राण्यांची नावं घोकण्यापेक्षा मोजके नमुने घ्यावेत, ते स्वतः कापून पाहावेत आणि त्यांवरून सजीवांची सामान्य तत्त्वं समजून घ्यावीत. पुढच्याच वर्षी मार्टिन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. तिथलं वैद्यकीय महाविद्यालय १८९३ मध्ये उघडलं ते पदवी आणि तीत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र झालेलं असलंच पाहिजे या अटीवर. वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने हॉपकिन्सचा नमुना सगळ्या अमेरिकेपुढे ठेवला आणि 'वैद्यकाआधी जीवशास्त्र' हा नियम रुजला. त्याआधी तशी सक्ती सर्वत्र नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. कॉलेजातलं विज्ञान त्यांच्या पाठीशी नव्हतं. जे शिकायचं ते त्यांनी तिथेच, प्रकृती साथ देत नसताना शिकून घेतलं.

हक्सलेंची पद्धत इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून भारतात आली. इंटर सायन्सच्या काळात बेडूक, गांडूळ, झुरळ कापणं हा विषयाचा गाभा होता. सत्तरच्या दशकात १०+२+३ चा आकृतिबंध आला आणि तो वारसा अकरावी-बारावीकडे गेला. पुढे प्राणिहक्कांचा आणि पर्यावरणाचा योग्य मुद्दा पुढे आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या वर्गांतलं विच्छेदनही २०१४ पर्यंत बंद करायला लावलं. मुकं जनावर वाचलं याचं समाधान आहे. पण हक्सलेंच्या पद्धतीचा प्राण 'स्वतः पाहा' हा होता. तो गेला आणि नमुन्यांची यादी मात्र राहिली. आज अकरावीच्या पुस्तकात झुरळाचं पचन, श्वसन, रक्ताभिसरण आणि प्रजनन आहे. झुरळाच्या हृदयाला किती कप्पे, हे मुलं पाठ करतात. आपल्या मनगटावरची नाडी मोजून, ती जिना चढल्यावर किती वाढली आणि किती वेळात उतरली हे वहीत लिहायला त्यांना कोणी सांगत नाही.

वनस्पतिशास्त्राचा प्रश्न नेहमी येतो. नीटमध्ये जीवशास्त्राला ७२० पैकी ३६० गुण, त्यांत जवळपास निम्मं वनस्पतिशास्त्र. डॉक्टर-नर्स होणाऱ्यांना फुलांची सूत्रं कशाला, असं पालक विचारतात. कुळांच्या याद्या कमी करायला माझी हरकत नाही. वनस्पतिशास्त्र सरसकट काढायला मात्र आहे. परासरण, म्हणजे पातळ द्रावाकडून दाट द्रावाकडे पडद्यातून जाणारं पाणी, मुलं कांद्याच्या पापुद्र्यावर शिकतात. शिरेतून ०.९ टक्के मिठाचं पाणीच का द्यायचं, साधं पाणी का नाही, याचं उत्तर तिथेच आहे: साध्या पाण्यात तांबड्या पेशी फुगून फुटतात. वॉर्डात सलाइन लावणाऱ्या सिस्टरला हे तत्त्व रोज हाताशी लागतं. एनसीईआरटीने करोनानंतर अभ्यासक्रम हलका करताना अकरावीच्या पुस्तकातून जी प्रकरणं वगळली, त्यांत वनस्पतींमधल्या वहनाचं हे प्रकरण होतं.

त्याच्याबरोबर गेलेलं दुसरं प्रकरण मला जास्त गंभीर वाटतं. ते होतं पचन आणि शोषण. २०२४ च्या नीटच्या अभ्यासक्रमातही ते राहिलं नाही. देशभरातून निवडून घ्यायच्या भावी डॉक्टरांना अन्न कसं पचतं आणि आतड्यातून रक्तात कसं जातं, हे विचारायचं नाही असं ठरलं. या प्रकरणाचं मोल सांगायला एकच घटना पुरेशी आहे. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाहक प्रथिनावरून, जोडीने आत जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. पटकीच्या रुग्णात पाणी बाहेर ओतलं जात असतं, पण ही जोडवाट शाबूत राहते. म्हणून मीठ आणि साखर योग्य प्रमाणात पाण्यातून दिली तर सोडियम आत जातो आणि त्याच्यामागे पाणी जातं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ड्रमांतून हे द्रावण नातेवाइकांच्या हाती दिलं. तीस टक्क्यांच्या आसपासचा मृत्युदर चारच्या खाली आला. 'लॅन्सेट'ने १९७८ मध्ये या द्रावणाचं वर्णन शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असं केलं. अंगणवाडीपासून आयसीयूपर्यंत या द्रावणाचं, म्हणजे ओआरएसचं, पाकीट ज्यांच्या हातून जाणार, त्यांच्या पायाभूत अभ्यासातून हा भाग काढणं ही चूक आहे आणि ती सुधारली पाहिजे. महाराष्ट्र मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात मानवी पोषणाचा धडा कायम आहे, दहावीच्या विज्ञानात उत्क्रांतीही आहे. एनसीईआरटीच्या दहावीतून उत्क्रांती गेली, आपल्याकडून गेली नाही. याबद्दल आपल्या मंडळाचं कौतुक करायला हवं.

पण मंडळाचं पुस्तक वाचतं कोण? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मेडिकलसाठी राज्याची सीईटी आली आणि बारावीच्या गुणांचं वजन कमी होऊ लागलं. २०१३ मध्ये पहिली नीट झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला गेला आणि तेव्हापासून एनसीईआरटीचं पुस्तक हाच मेडिकलचा ग्रंथ झाला. राज्याने २०१९ आणि २०२० मध्ये अकरावी-बारावीची नवी पुस्तकं आणली. ती नेटकी आहेत, आकृत्या चांगल्या आहेत, तरी मुलांच्या लेखी ती 'बोर्डापुरती'. वर्ग कॉलेजात नावाला आणि शिक्षण क्लासमध्ये, ही व्यवस्था इतकी पसरली की २०१८ मध्ये सरकारला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी लावावी लागली. लातूर पॅटर्नमधून एक गोष्ट शिकण्यासारखी होती. नेमाने सराव, चाचण्या आणि शिक्षकांची मेहनत यांच्या बळावर लहान गावातलं मूलही वर येतं. तो पॅटर्न राज्यभर उचलला गेला, तेव्हा चाचण्यांची संख्या उचलली गेली आणि शिक्षकांची ती मेहनत मागे राहिली.

१८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात. प्रत्येकाला एक मिनिट. इतक्या वेळात आठवता येतं, विचार करायला सवड मिळत नाही. त्यामुळे 'एनसीईआरटीची ओळ न् ओळ पाठ' हा जीवशास्त्राचा मंत्र झाला. भौतिकशास्त्रात गणित सोडवावं लागतं, रसायनात काही हिशेब असतो, आणि बायो म्हणजे पाठांतर, हे मुलांनी गृहीतच धरलं आहे. एवढ्या लाखांतून थोडेच निवडायचे तर परीक्षा कठोर असणारच, हे मला मान्य आहे. पण निवडीच्या परीक्षेने विषयाचा आकार ठरवला, की दोन वर्षांत मुलाच्या मनात जीवशास्त्राची जी प्रतिमा बसते ती पुढे पुसणं फार कठीण जातं.

पाठांतरातून काय निसटतं, याचा अभ्यास जगभर झाला आहे. शरीरक्रिया शिकणाऱ्या मुलांत काही गैरसमज देशोदेशी सारखेच आढळतात. व्यायामात श्वास का वाढतो? 'शरीराला ऑक्सिजनची गरज असते म्हणून.' गरज हे कारण झालं नाही. गरज कोणाला कळली, कुठल्या संवेदकाने कुठल्या केंद्राला काय कळवलं, ही साखळी सांगता आली तर विषय समजला. अँटिबायोटिक काम का करेनासं होतं? 'शरीराला त्याची सवय होते म्हणून.' हे उत्तर शिकलेली माणसंही देतात. सवय शरीराला होत नाही. जिवाणूंच्या लाखोंच्या गर्दीत जे थोडे औषधाला दाद देत नाहीत ते उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. हे डार्विनच्या निवडीचं तत्त्व आहे. ते ज्याला कळलं, तो सर्दीला अँटिबायोटिक मागणाऱ्या आईला नीट समजावू शकेल. ज्याने उत्क्रांती म्हणजे माकडापासून माणूस एवढंच लक्षात ठेवलं, त्याला ते साधणार नाही.

अमेरिकेत या दिशेने विचार झाला. वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने हॉवर्ड ह्यूजेस वैद्यकीय संस्थेबरोबर २००९ मध्ये अहवाल काढला आणि डॉक्टर होणाऱ्याने कुठले कोर्स केले यापेक्षा त्याला काय करता येतं हे पाहा, असं सांगितलं. २०११ मध्ये तिथल्या विज्ञानसंस्थेने पदवीच्या जीवशास्त्रासाठी पाच मूळ कल्पना निश्चित केल्या: उत्क्रांती, रचना आणि कार्य यांचं नातं, माहितीचा प्रवास, ऊर्जा व पदार्थांचं रूपांतर, आणि एकमेकांत गुंतलेल्या व्यवस्था. २०१५ पासून तिथल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत मानसशास्त्र आणि समाजशास्त्रही आलं. शिकवण्याच्या पद्धतीचा सर्वांत ठोस पुरावा २०१४ चा आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. फक्त व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गात नापास होण्याची शक्यता, मुलांना प्रश्न सोडवायला आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गापेक्षा दीडपट निघाली. तिथलं सगळं इथे चालेल असं मी म्हणत नाही. शंभराहून जास्त मुलांच्या तुकडीत चर्चा घडवणं सोपं नाही. पण तासाच्या मध्ये एक प्रश्न फळ्यावर लिहून शेजारच्याशी दोन मिनिटं बोलायला सांगणं, याला पैसा किंवा परवानगी लागत नाही.

बारावीच्या पुढची परिस्थिती थोडी बरी आहे, असं मला वाटतं. एमबीबीएसचं पहिलं वर्ष १९९७ च्या नियमांनी दीड वर्षावरून एका वर्षावर आणलं. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन एवढ्यात कसं मावणार, ही शिक्षकांची तक्रार खरी होती आणि आहे. २०१९ मध्ये क्षमताधारित अभ्यासक्रम आला. सुरुवातीला फाउंडेशन कोर्स, पहिल्या वर्षापासूनच रुग्णाशी ओळख, वागणूक आणि संवादाचे धडे हे त्यात आलं. तीन विषय वेगवेगळे न शिकवता एकाच अवयवाभोवती जुळवून शिकवावेत, असंही सांगितलं गेलं. जिथे तिन्ही विभागांचे शिक्षक एकत्र बसून वेळापत्रक आखतात, तिथे ते होतं. जिथे पदं रिकामी असतात, तिथे ते कागदावर राहतं. नर्सिंगमध्ये भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बीएस्सीचा अभ्यासक्रम सत्रांत बसवला आणि त्यात उपयोजित शरीररचना, उपयोजित शरीरक्रिया, उपयोजित जीवरसायन असे विषय ठेवले. सूक्ष्मजीवशास्त्राला संसर्ग-नियंत्रण जोडून दिलं. माझ्या मते या सगळ्या मांडणीतला हा सर्वांत शहाणा भाग आहे. हात का धुवायचे आणि जिवाणू कसा पसरतो, हे एकाच विषयात शिकवलं तर मुलगी दोन्ही विसरत नाही. बारावीच्या पुस्तकाने नर्सिंगच्या या अभ्यासक्रमाकडून शिकावं.

भाषेचा अडसर आढाव्यात सहसा एका ओळीत उरकला जातो. तो त्याहून बराच मोठा आहे. दहावीपर्यंत मराठीतून पेशी, ऊती, आनुवंशिकता शिकलेलं मूल अकरावीत एका उन्हाळ्यात सेल, टिश्यू, इनहेरिटन्सवर येतं. अकरावी-बारावी विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत. वर्गात सर मराठीत समजावतात, मूल घरी इंग्रजी वाक्य पाठ करतं, आणि समजलेलं आणि पाठ केलेलं यांच्यात फट पडते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण दोन वर्षं इंग्रजीत वाचल्यावर ती कोण घेणार? आणि शेवटी हीच मुलं ज्यांच्यापुढे उभी राहतात, ते रुग्ण छातीत धडधडतंय, अंगात कणकण आहे, पोटात कळ येते, असं सांगतात. जीवशास्त्र दोन्ही भाषांत बोलता येणं हे आरोग्यसेवकाचं कामाचं कौशल्य आहे आणि अभ्यासक्रमाने ते कौशल्य म्हणूनच शिकवलं पाहिजे. प्रत्येक धड्याशेवटी 'हे रुग्णाला मराठीत समजावून सांगा' असा एक प्रश्न तोंडी परीक्षेत आला, तरी फरक पडेल.

जीवशास्त्र समजायला मोठी पूर्वतयारी लागते, हा समज तर महाराष्ट्रानेच खोटा ठरवला आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने थोडंफार शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी आणि जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले: तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. या शिक्षणाची सुरुवात पेशीच्या व्याख्येने झाली नव्हती. बाळ दूध का सोडतं, त्याचा श्वास मिनिटाला किती, अंग गार का पडतं, इथून ती झाली. कारण हातात, डोळ्यांसमोर होतं, म्हणून ज्ञान टिकलं.

तत्त्वातून उपचारापर्यंत एक माणूस कसा जातो, याचं माझ्या माहितीतलं सर्वांत सुंदर उदाहरण कोकणातलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेले. तिथे विंचूदंशाने माणसं, विशेषतः मुलं, मरत होती. ती वेदनेने मरत नव्हती. त्यांच्या फुप्फुसांत पाणी भरत होतं. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंच्या सोडियमच्या वाहिन्या मिटू देत नाही. शरीरात ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिनचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि मागे साचलेलं रक्त फुप्फुसांवर चढतं. मग आवळणाऱ्या ग्राहींनाच अडवणारं औषध का देऊ नये? बावस्करांनी प्राझोसिन दिलं. चाळीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर एक-दोन टक्क्यांवर आला. चेतापेशीतला आवेग, सोडियमचं आत येणं, ॲड्रेनलिनचा परिणाम: यातलं सगळं बारावीच्या 'नियंत्रण आणि समन्वय' या धड्यात आहे. महाडची ही हकिगत त्या धड्यात का नसावी?

तसाच दुसरा धडा विदर्भात वाट पाहतो आहे. सिकलसेलचा आजार गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया भागात घराघरांत माहीत आहे. १९१० मध्ये जेम्स हेरिक यांनी शिकागोत त्याचं वर्णन केलं, १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी तो हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष असल्याचं दाखवलं, आणि पुढे व्हर्नन इंग्राम यांनी बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याचं शोधलं. या एका आजारातून प्रथिनाची रचना, डीएनएतला बदल, मेंडेलचा नियम आणि केशवाहिन्यांतलं रक्ताभिसरण शिकवता येतं. हिवतापाच्या प्रदेशात ही जनुकं का टिकली, ही उत्क्रांतीही त्यातच आहे. लग्नाआधी तपासणी, समुपदेशन आणि 'आमच्या जातीला लागलेला डाग' म्हणून होणारी कुचंबणा हा समाजशास्त्राचा भागही त्यात येतो. केंद्राने २०२३ मध्ये २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. त्यात सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. ही मोहीम पुढे नेणारे हात आज अकरावी-बारावीच्या बाकांवर आहेत. पाठ्यपुस्तकात सिकलसेलला आनुवंशिकतेच्या धड्यात थोडीशी जागा मिळते. मी अभ्यासक्रम ठरवणारा असतो तर त्याच्याभोवती महिनाभराचं शिक्षण बांधलं असतं.

अभ्यासक्रमात काय ठेवावं आणि काय सोडावं, यावर माझं मत स्पष्ट आहे. वर्गीकरणाच्या याद्या, झुरळाचा तपशील आणि शास्त्रज्ञांच्या नावांच्या 'जोड्या लावा' कमी कराव्यात. पचन-शोषण, परासरण आणि उत्क्रांती कुठल्याही कारणाने काढू नयेत. शरीराचं संतुलन, म्हणजे तापमान, साखर, पाणी, आम्लता हे ठरावीक मर्यादेत कसं राहतं आणि ते बिघडलं की आजार कसा दिसतो, हा सगळ्या धड्यांना जोडणारा धागा असावा. प्रत्येक धड्याला एक खरा रुग्णप्रश्न जोडावा आणि तो इथल्या मातीतला असावा: सर्पदंश, क्षयरोग, कुपोषण, मधुमेह, उष्माघात.

नीट दिल्लीत ठरते आणि ती बदलायला वेळ लागेल. पण बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचे ३० गुण आपल्या राज्य मंडळाकडे आहेत. आज ते कायमच्या स्लाइड, बाटलीतले नमुने आणि जर्नलवर खर्च होतात, आणि बऱ्याच ठिकाणी सरसकट वाटले जातात. त्यातले निम्मे गुण नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजून त्याचा आलेख काढणं, ओआरएस प्रमाणात बनवून त्याचं कारण सांगणं, एका कुटुंबाची वंशावळ वाचणं आणि हे सगळं मराठीत समजावणं यासाठी ठेवता येतील. लागतं ते रक्तदाबाचं यंत्र, घड्याळ, मीठ, साखर आणि शिकवायची तयारी असलेला शिक्षक. एवढं जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहे. मंडळाने हा बदल येत्या जूनपासून करावा, आणि जीवशास्त्राच्या शिक्षकांनी मंडळाची वाट न पाहता आपल्या वर्गात आधीच सुरू करावा.